गलांड्याची पांढरी बहीण

झेंडू महागला की हारवाल्याचा हात गलांड्याकडे जातो. पुणे, नगर, साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांना हे पीक परवडतं, कारण जमीन हलकी असली, पाणी बेताचं असलं तरी फुलं येत राहतात. हा काटकपणा त्याच्या माहेरचा. गलांडा म्हणजे गॅलार्डिया, मूळचा उत्तर अमेरिकेतल्या रेताड जमिनींचा. 1786 साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फुझेरू द बोंदारुआ यांनी त्याला गायार द शारांतोनो या न्यायाधीशाचं नाव दिलं. न्यायाधीशाला वनस्पतींचा शौक होता. आज त्याला कोणी ओळखत नाही, नाव मात्र आपल्या फूलबाजारात किलोवर विकलं जातं.

याच कुळातली एक रानटी जात अमेरिकेत किनारपट्टीलगतच्या वालुकामय पाइनवनांत वाढते. दक्षिण कॅरोलायनात सँटी नदीकाठी भातशेती करणाऱ्या थॉमस वॉल्टरने 1788 च्या आपल्या ग्रंथात तिची नोंद केली, पण दुसऱ्याच प्रजातीत. ती गॅलार्डियात आली थेट 1956 मध्ये.

तिचा एक दुर्मीळ उपप्रकार, विंकलेरी, मुख्यतः आग्नेय टेक्सासातल्या हार्डिन काउंटीच्या आसपास सापडतो. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र. इंग्रजी नाव मात्र ‘व्हाइट फायरव्हील’, म्हणजे पांढरं अग्निचक्र! लाल-पिवळ्या बहिणीचं नाव तिलाही चिकटलं, इतकंच.

तरी आगीशी तिचं नातं खरंच आहे. तिथल्या लाँगलीफ पाइनच्या रानात दर काही वर्षांनी वणवा लागे, कधी विजेने, कधी मूळ रहिवाशांनी लावलेला. जाड सालीचे पाइन त्यात तगत, खालचं झुडपांचं रान जळून जाई आणि वाळूपर्यंत ऊन पोचे. या फुलाला तेवढंच हवं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूड गिरण्या आल्या. सुमारे 9 कोटी एकरांवर पसरलेल्या या जंगलाचा आज जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास भाग उरला आहे. पुढे वणवे विझवणं हेच धोरण झालं. झुडपं माजली, सावली दाटली. तोडीतून वाचलेली रोपंही तिथे टिकेनात. आता हार्डिन काउंटीतल्या काही राखीव रानांत मुद्दाम, ठरवून आग लावली जाते.

दरम्यान, टेक्सासातल्याच नॅकोडोचेसच्या स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठाच्या उद्यानातून या पांढऱ्या फुलाचा ‘ग्रेप सेन्सेशन’ नावाचा जांभळा वाण बाहेर पडला. तो बागेत लावता येतो. रानात उमललेलं पांढरं बघायचं, तर त्या वाळूतच जावं लागतं.