भूमी, हिप-हॉपमधील

भूमी, हिप-हॉपमधील : कृष्णवर्णीय अमेरिकी रॅपगीतांतील एक संकल्पना. जमिनीची मालकी, पूर्वजांची वस्ती आणि समाजाचा स्वयंनिर्णय यांची तीत सांगड असते. रॅपमध्ये ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस ठळक झाली, असे सामान्यतः मानतात. तिचे मूळ मात्र बरेच जुने आहे.

या गीतांत वारंवार येणारे ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हे शब्द अमेरिकी यादवी युद्धाच्या अखेरच्या काळातले. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना (जॉर्जिया) येथे उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन व युद्धमंत्री स्टँटन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांची भेट घेतली. त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. जमीन मिळाली तर ती स्वतः कसून आम्ही आमचे पोट भरू, हे त्यांचे म्हणणे. चारच दिवसांनी निघालेला विशेष आदेश क्र. १५ मुळातून वाचावा असा आहे. साउथ कॅरोलायना ते फ्लॉरिडा या किनारपट्टीवर गुलामीतून सुटलेल्या प्रत्येक कुटुंबाला फार तर ४० एकर कसण्याजोगी जमीन, एवढेच त्यात आहे. खेचराचा उल्लेख नाही. सैन्याची खेचरे पुढे काही कुटुंबांना मिळाली, त्यावरून ते या शब्दांत आले असावे. सुमारे ४०,००० माणसे तेथे वसली. पण त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देवविली. म्हणून रॅपमध्ये ‘चाळीस एकर’ म्हणजे मोडलेला शब्द.

हा विचार रॅपमध्ये कोठून आला, याविषयी दोन मते आहेत. एका मताने तो संघटनांकडून आला. जमीन हा स्वातंत्र्याचा पाया आहे, असे कृष्णवर्णीय नेते मॅल्कम एक्स यांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये डिट्रॉइटच्या भाषणात मांडले. तेथेच १९६८ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिक ऑफ न्यू आफ्रिका या संघटनेने कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र राष्ट्रासाठी अमेरिकेच्या दक्षिणेतील पाच राज्ये मागितली; ‘फ्री द लँड’ (भूमी मुक्त करा) ही तिची घोषणा. रॅपगायक तुपाक शकुर याच परंपरेतील न्यू आफ्रिकन पँथर्स या युवक संघटनेत होता. दुसऱ्या मताने हा विचार दक्षिण सोडून उत्तरेत गेलेल्या कुटुंबांच्या आठवणींतून आला. गीतांतील तपशील पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. अरेस्टेड डेव्हलपमेंट या गटाचे १९९२ मधील ‘टेनेसी’ हे गीत त्याचा उत्तम दाखला होय. मिल्वॉकीत जन्मलेल्या स्पीच या गायकाने आजीच्या व भावाच्या मृत्यूनंतर ते रचले. त्यातला निवेदक पूर्वज चालले त्या वाटांनी चालतो आणि ज्या झाडांना त्यांना लटकवले, त्याच झाडांवर चढतो. मालकीचा शब्दही न उच्चारता ती भूमी कोणाची, हे येथे कळते.

शहरात भूमी म्हणजे घर, दुकान, नाका. लॉस एंजेलिसचा रॅपगायक निप्सी हसल याने क्रेनशॉ–स्लॉसन नाक्यावर २०१७ मध्ये दुकान उघडले. पुढे ती जागाच भागीदारीत विकत घेतली. ३१ मार्च २०१९ रोजी त्याच दुकानासमोर त्याची हत्या झाली.

अमेरिकेबाहेर, मुंबईत स्वदेशी या रॅपगटाने आरेतील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह २०१९ मध्ये तेथील वारली आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न रॅपमधून मांडला.