लष्करी विवाहसोहळा

वधू, वर किंवा दोघेही सैन्यदलात असतील तर धार्मिक अथवा नागरी विवाहविधीला सैनिकी शिष्टाचाराची जोड देऊन केला जाणारा समारंभ. ब्रिटन व अमेरिकेत तो विशेष रूढ आहे. मूळ विधीला धक्का लागत नाही. त्याच्या आगेमागे गणवेश, तलवार, ध्वज आणि हुद्द्याचा मान येतो.

तलवारींची कमान ही यातली सर्वांत देखणी प्रथा. विधी आटोपून जोडपे बाहेर पडते तेव्हा बहुधा सहा किंवा आठ सहकारी समोरासमोर दोन रांगांत उभे असतात. हुकूम सुटताच तलवारी म्यानाबाहेर येतात आणि टोके जवळजवळ भिडतील अशा उंचावल्या जातात. पात्याची धार वर, म्हणजे खालून जाणाऱ्यांपासून दूर ठेवतात. कमानीखालून नवदांपत्याखेरीज कोणी जात नाही. अनेक चर्चमध्ये आत तलवार उपसायला मनाई असल्याने कमान सहसा पायऱ्यांवर होते. अमेरिकेत शेवटची जोडी तलवारी आडव्या धरून वाट अडवते आणि दोघांनी चुंबन घेतल्यावरच ती मोकळी करते. मग कमानीतला शेवटचा सैनिक पात्याने वधूला मागून हलकी टपली देऊन दलात तिचे स्वागत करतो. ती स्वतः सैन्यात असेल तर हा भाग गाळतात. पाहुण्यांसमोरची ही थट्टा प्रत्येकीला रुचेलच असे नाही. तिला आधी विचारणेच योग्य.

वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी लष्करी अकादमीत शिक्षण पुरे होईपर्यंत छात्रांना लग्न करता येत नाही. त्यामुळे पदवीदान झाले की तिथल्या चॅपलमध्ये लग्नांची रीघ लागते.

तलवार डाव्या कमरेला असते. म्हणून ती लावलेल्या वराच्या उजवीकडे वधू उभी राहते, एरवीच्या रिवाजाच्या उलट. गणवेशावर पदके लावतात, फूल खोचत नाहीत. केकही तलवारीने कापतात. 1947 साली राजकन्या एलिझाबेथ व नौदल अधिकारी फिलिप यांच्या लग्नात फिलिप यांची तलवार वापरली होती.

काही स्वागतसमारंभांत न परतलेल्या सहकाऱ्यांसाठी एक छोटे टेबल मांडतात. ही प्रथा अमेरिकी सैनिकांची. पांढरे कापड, लाल गुलाब, त्यांच्या कडू नशिबाची खूण म्हणून लिंबाची फोड, कुटुंबाच्या अश्रूंसाठी चिमूटभर मीठ, पालथा ग्लास आणि रिकामी खुर्ची. साऱ्या सोहळ्यात कमानीइतकेच मोल या टेबलाला द्यायला हवे, कारण तिथे दलाचे नाते जिवंत माणसांपुरते उरत नाही.

गणवेश कोणता घालावा, हे ज्या त्या दलाचे नियम ठरवतात. अमेरिकेत निवृत्त सैनिकांनाही अशा लग्नात गणवेश घालण्याची मुभा आहे.