अंबाडा आवळला तरी कपाळावरचे केस उभेच का?

पाच सेंटिमीटर हा आकडा आधी लक्षात ठेवा. डोक्यावरचा केस साधारण ह्याच्याहून आखूड असला की तो स्वतःच्या वजनाने वाकतच नाही, मुळातून ज्या दिशेला उगवला त्याच दिशेला ताठ उभा राहतो, मग तुम्ही मागे अंबाडा घाला नाहीतर खोपा, त्याला काय देणंघेणं नाही. कार्यालयात फोटोग्राफरने मागून लाईट मारला की नवरीच्या कपाळाभोवती जे जाळं चमकतं ते हेच केस, आणि मग वैनी, मावशी, आक्का सगळ्या तोंडात पिना धरून त्यांच्या मागे लागतात. माझी मावसबहीण बेळगावच्या शहापुरात पार्लर चालवते, तिच्याकडे लग्नसराईत रोज एक तरी आई असतेच, "आवळ की गे अजून जरा, पुढचे केस बघ कसे उभारलेत!" म्हणणारी. आवळून ते बसत नाहीत. का बसत नाहीत ह्याचं उत्तर फिजिक्समध्ये आहे.

2012 साली केंब्रिजचे रेमंड गोल्डस्टीन, वॉरविक युनिव्हर्सिटीचे रॉबिन बॉल आणि युनिलिव्हर कंपनीचे पॅट्रिक वॉरन ह्या तिघांनी पोनीटेलचा आकार नेमका कशाने ठरतो ह्याचं गणित मांडलं आणि ते फिजिकल रिव्ह्यू लेटर्स ह्या एकदम भारदस्त जर्नलमध्ये छापून आलं. त्याच वर्षी त्यांना इग नोबेलपण मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. त्यात त्यांनी रपुंझेल नंबर म्हणून एक गोष्ट काढली, केसाची लांबी भागिले साधारण 5 सेंटिमीटर. ही 5 सेंटिमीटर म्हणजे ती लांबी जिथे केसाचा ताठपणा आणि त्याचं वजन बरोबरीला येतात. 25 सेंटिमीटरच्या पोनीटेलचा नंबर 5, तिथे वजन जिंकतं आणि केस खाली लोंबतात. कपाळावरच्या 2 सेंटिमीटरच्या केसाचा नंबर अर्ध्याच्याही खाली, तिथे ताठपणा जिंकतो. चिकोडी-संकेश्वराकडे उसाच्या फडात बघा, मधली कोवळी आखूड पानं सरळ उभी असतात आणि लांब झालेली पानं कमरेतून वाकून लोंबतात, तसंच हे.

आता कोणी म्हणेल की पुढचे केस तर किती बारीक असतात, बारीक केस लवकर वाकायला नको का? वाकतो ना. केसाचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर चालतो, म्हणजे निम्म्या जाडीचा केस वाकवायला 16 पट सोपा, पण त्याचं वजनपण चारच्या भागाने कमी होतं, त्यामुळे हिशोब करून बघितला तर त्याची हद्द 5 वरून जेमतेम 3 सेंटिमीटरच्या आसपास येते. आणि वरून तो इतका हलका की पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा उठतो. म्हणजे बारीक असण्याचा फायदा थोडा आणि त्रासच जास्त.

अंबाड्याचं काय होतं तर अंबाडा फक्त त्याच केसांना ओढू शकतो ज्यांचं टोक त्याच्यापर्यंत पोचतं. लांब केस दोन्हीकडून पकडलेला असतो, एकीकडे मूळ आणि दुसरीकडे रबर, त्यामुळे ताणला की डोक्याला चिकटून बसतो. आखूड केसाचं एकच टोक पकडलेलं, दुसरं मोकळं, त्याला ताण देणार कोण? तुम्ही अजून आवळलं की आधीच बसलेल्या केसांच्या मुळांवर जोर वाढतो, बास, उभे असलेले उभेच.

आणि हा जोर फुकटात जात नाही. वर्षानुवर्षं ओढून बांधलेल्या केसांमुळे कपाळाची कड मागे सरकते, ह्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात, आणि डॉक्टरी नोंदींत हे 1907 मध्ये पहिल्यांदा आलं ते ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या बायकांवरून. आपल्याकडे शाळेच्या दोन घट्ट वेण्या, भरतनाट्यमच्या क्लासचा अंबाडा, मग कामावर जाताना रोजचा बुचडा, अशी साखळी कित्येक मुलींची असते. ह्यात एक खूण बघण्यासारखी आहे. कपाळाच्या अगदी कडेला आखूड बारीक केसांची झालर तशीच शिल्लक राहते आणि तिच्या मागे विरळ पट्टा दिसायला लागतो. कारण कळलं असेलच, झालरीतले केस अंबाड्यापर्यंत पोचत नव्हते म्हणून ओढलेच गेले नाहीत आणि वाचले! तुमच्या झालरीमागे असा पट्टा दिसत असेल तर जेल-बिल राहू दे, बांधणं सैल करा आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवा, सुरुवातीला लक्षात आलं तर केस परत येतात, उशीर झाला तर मूळच मरतं.

बरं, हे केस आखूड राहतात तरी का, कोणी कापायला तर जात नाही. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, आणि वाढीचा काळ डोक्याच्या मधल्या भागात 2 ते 6 वर्षं टिकतो, मग दोन-तीन आठवडे थांबतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळून जातो. म्हणजे केस किती लांब होणार हे वाढीचा काळ किती ह्यावर ठरतं. भुवईचा केस कंबरेपर्यंत का येत नाही? त्याचा काळच काही आठवड्यांचा. कपाळाच्या कडेचे बरेच केस ह्या दोघांच्या मधले, त्यांचा काळ तोकडा, ते आयुष्यभर तेवढेच राहणार, त्यांना लांब करायचं कुठलं तेल बाजारात नाही.

पण सगळेच तसले नसतात. काही नवीन उगवत असतात आणि काही तुटलेले असतात, आणि हे ओळखायची पद्धत एकदम सोपी आहे. एक केस बोटात धरा, मागे पांढरा कागद, आणि मोबाईलचा कॅमेरा झूम करून टोक बघा. कधी कात्री न लागलेला नवा केस टोकाकडे निमुळता होत होत जवळजवळ दिसेनासा होतो. तुटलेला केस शेवटपर्यंत एकाच जाडीचा असतो आणि टोकाला अचानक संपतो, नाहीतर फाटून दोन धागे झालेले दिसतात. टोकं तुटकी निघाली तर स्ट्रेटनर, ब्लीच, ओले केस खसाखसा विंचरणं ह्यातलं काय चाललंय ते बघा. निमुळती निघाली तर चांगलंय, वाट बघायची.

बाळंतिणीचं प्रकरण ह्यातच येतं. दिवस गेलेले असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलेलं असतं त्यामुळे गळायचे केसपण गळत नाहीत, डोकं छान भरलेलं दिसतं, आणि बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी ते गळायचे राहिलेले सगळे एकदम गळायला लागतात. आमच्याकडे बायका म्हणतात बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात, वेळ बरोबर पकडलीय त्यांनी, कारण मात्र बाळ नाही, हार्मोन आहे. मग नवे उगवतात आणि गंमत अशी की बाळाचं उष्टावण येईपर्यंत ते दोन-तीन सेंटिमीटरचे झालेले असतात, म्हणजे सगळ्यात ताठ वयात, आणि नेमके फोटो तेव्हाच. पहिल्या वाढदिवसापर्यंत बरेचसे 5 सेंटिमीटर ओलांडतात आणि आपोआप खाली बसायला लागतात.

तोवर चिकटवणं हाच एक मार्ग, आणि कशाने चिकटवायचं हे तुम्ही बेळगाव जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला राहता ह्यावर ठरतं, हे मी गंमत म्हणून नाही सांगत. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, मलप्रभेचा उगम आहे ते कणकुंबी, तिथे पावसाळ्यात हवा इतकी ओली की धुतलेले कपडे आठवडाभर वाळत नाहीत, आणि पूर्वेला अथणी-रायबाग म्हणजे कोरडं रान. केस हवेतलं पाणी पितो, दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत, आणि कोरड्याचा पूर्ण ओला होताना लांबीला साधारण 2 ते 2.5 टक्के वाढतो. ह्याच गुणावर 1783 साली जिनिव्हाच्या सोस्यूर ह्यांनी माणसाचा केस ताणून हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र केलं होतं. केसाच्या आतली केराटिन ह्या प्रथिनाची साखळी हायड्रोजन बंधांनी, म्हणजे पाण्याने सहज सुटणाऱ्या जोडांनी, धरलेली असते, पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात आणि केस जसा मुळात आहे तसा, म्हणजे थोडा वळणाचा, परत होतो. म्हणून श्रावणात खानापूरला सकाळी नीट बसवलेलं डोकं पूजा होईतो भुरभुरतं.

अथणीला डिसेंबर-जानेवारीत उलटं. तिथे हवा कोरडी, प्लास्टिकचा कंगवा फिरवला की केसावर स्थिर वीज साठते, सगळ्या केसांवर एकाच जातीचा विद्युत भार आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून केस पांगतात. पॉलिस्टरच्या साडीचा पदर डोक्यावरून घेतला-काढला तरी हेच होतं, कानाजवळ चटचट आवाजपण येतो. इथे ओल्या तळहाताने नुसतं थोपटलं तरी भार निघून जातो, लाकडी कंगव्याने तो मुळात कमी साठतो, आणि कंडिशनर हा तर ह्याच्यावरचा खरा उपाय, कारण धुतलेल्या केसाचा पृष्ठभाग ऋण भाराचा असतो आणि कंडिशनरमधले रेणू धन भाराचे, ते जाऊन चिकटतात आणि भार साठू देत नाहीत. म्हणजे जो पाण्याचा हात अथणीत काम करतो तोच खानापुरात काम बिघडवतो, त्यामुळे इंटरनेटवर कोणी दिल्ली-मुंबईची ताई सांगते ते जसंच्या तसं करू नका, आधी बाहेर हवा बघा.

आता चिकटवायच्या वस्तू. पाणी लावलं की केस एकमेकांना आणि कपाळाला घट्ट बसतात ते पाण्याच्या पृष्ठताणाने, पण वाळलं की संपलं. हां, ओले असताना मऊ सुती ओढणी कपाळावरून बांधून पूर्ण वाळेपर्यंत ठेवली तर हायड्रोजन बंध त्या बसलेल्या अवस्थेतच परत जुळतात आणि मग काही तास टिकतात, अर्थात कोरड्या हवेत. खोबरेल तेल मला ह्या कामासाठी पटत नाही. ते 24 अंशांच्या आसपास वितळतं. बेळगावच्या थंडीत सकाळी बाटलीत गोठलेलं असतं तेव्हा बोटावर घेऊन लावलं की वाटतं छान बसले, पण कपाळाची कातडी तीस अंशांच्या वर, मिनिटात पातळ होतं, मग केस सुटतात आणि मेकअपवर ओघळ येतात ते वेगळंच. तेलाची जागा न्हाण्याच्या आधी. 2003 साली मुंबईच्या रेले आणि मोहिले ह्या संशोधकांनी दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसात शिरतं आणि प्रथिनं वाहून जाणं कमी करतं, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. हे दोघं खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हे सांगायला हवं, पण तेलाचा रेणू सरळ आणि लहान असल्याने आत जातो हे रसायनशास्त्राला धरून आहे.

त्यापेक्षा मेण बघा. मधमाशीचं मेण वितळतं 62 अंशांच्या पुढे, म्हणजे कपाळावर ते घट्टच राहणार. आज्ज्या कुंकवाखाली मेण लावायच्या ते कुंकू दिवसभर हलू नये म्हणून, करंड्यात मेणाची डबी असायचीच, आणि आता दुकानात हेअर वॅक्स स्टिक म्हणून जे मिळतं त्यातही बऱ्याचदा हेच मेण असतं. पावसाळ्यात खानापूरकरांनी मेणच वापरावं असं मी म्हणेन, पाणी त्याला काही करत नाही.

स्प्रेमध्ये अल्कोहोलात विरघळवलेलं पॉलिमर असतं, थेंब दोन केसांच्या फुलीवर बसतो, अल्कोहोल उडून जातं आणि तिथे सांधा राहतो. जुन्या स्प्रेतलं पीव्हीपी नावाचं पॉलिमर दमट हवेत पाणी ओढून चिकट व्हायचं, म्हणून त्यात व्हिनाइल अ‍ॅसिटेट मिसळलेले प्रकार आले, ते दमटपणाला जास्त टिकतात. आणि एक, स्प्रे मारल्या मारल्या होमाजवळ किंवा समईजवळ जाऊ नका, पूर्ण वाळू दे, ते पेट घेणारं द्रव आहे. घरगुती हवं असेल तर जवस पाण्यात उकळून गरम असतानाच फडक्यातून गाळा, जो बुळबुळीत रस निघतो तोपण वाळून पापुद्रा धरतो, अथणीच्या हवेला उत्तम, पण जास्त थापला तर कोंड्यासारखा गळतो आणि फ्रीजबाहेर ठेवला तर लगेच वास मारतो.

लावायची रीत बहिणीची. जुना मऊ टूथब्रश, स्प्रे डोक्यावर न मारता ब्रशवर मारायचा, मग ज्या दिशेला केस उगवतात त्याच दिशेला थोडं तिरकं घेत मागे नेत जायचं, आणि जागेवर बसले की बोटाने दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. मुळाच्या उलट दिशेला नेलं की केस कमानीसारखा ताणलेला राहतो आणि सांधा जरा ढिला झाला की उसळतो, हे ती कॉलेजात न जाता शिकलीय. पातळ थर पुरतो. जाड थराने कपाळ प्लास्टिकचं दिसतं.

रात्री घरी आल्यावर घाईत कंगवा घालू नका, वाळलेला सांधा केसापेक्षा चिवट असू शकतो आणि मग केसच तुटतो, म्हणजे पुढच्या लग्नाला अजून आखूड केस तयार. आधी पिना काढा, कडेला कोमट पाणी आणि थोडं कंडिशनर लावून पाच मिनिटं थांबा, मेण असेल तर आधी तेल चोळा कारण मेण पाण्यात सुटत नाही, तेलात सुटतं, आणि मग शांपू.