झैनब बदावी आणि डेव्हिड ओलुसोगा: एक आफ्रिकेचा इतिहास, एक ब्रिटनचा

या दोघांची गल्लत होणे अगदी स्वाभाविक आहे. दोघांचा जन्म आफ्रिकेतला, दोघेही लहानपणीच ब्रिटनला गेले, दोघांचेही चेहरे बीबीसीमुळे जगभर पोहोचले आणि दोघांच्या नावावर इतिहासाची गाजलेली मालिका आणि जाडजूड पुस्तक आहे. त्यामुळे 'आफ्रिकेचा इतिहास सांगणारे बीबीसीवाले' म्हणून आपण दोघांना एकाच कप्प्यात टाकून मोकळे होतो. प्रत्यक्षात बदावी आफ्रिकेचा इतिहास लिहितात आणि ओलुसोगा मुख्यतः ब्रिटनचा. हे एवढे ध्यानात ठेवले तरी दोघांची पुस्तके वेगळ्या नजरेने वाचता येतात.

बदावींपासून सुरुवात करतो, कारण पत्रकारितेतून इतिहासलेखनाकडे खऱ्या अर्थाने वळल्या त्या त्याच. त्यांचा जन्म 1959 सालचा, सुदानमधला. दोन वर्षांच्या असताना कुटुंब लंडनला आले. वडील सुदानमध्ये वृत्तपत्राचे संपादक होते, पुढे ते बीबीसीच्या अरबी सेवेत गेले. पणजोबा शेख बाबिकिर बद्री हे तर स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. 1898 च्या ओमदुर्मानच्या लढाईत ते किचनरच्या ब्रिटिश फौजेविरुद्ध लढले आणि पुढे त्याच ब्रिटिश अमदानीत, 1907 साली, रुफा गावात त्यांनी मुलींची शाळा काढली. पहिल्या विद्यार्थिनी म्हणजे त्यांच्या स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या मुली. अशा घरातली पणती इतिहासाकडे वळली नसती तरच नवल.

पण वळायला वेळ लागला. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकून त्या यॉर्कशायर टेलिव्हिजनमध्ये रुजू झाल्या. मग लंडनच्या 'सोआस' संस्थेतून मध्यपूर्वेचा इतिहास आणि मानववंशशास्त्र या विषयांत पदव्युत्तर पदवी घेतली. 1989 पासून चॅनल फोरच्या बातम्या, 1998 पासून बीबीसी, आणि पुढे 'हार्डटॉक'सारखा समोरच्याला घाम फोडणारा मुलाखतींचा कार्यक्रम. 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर अटक वॉरंट काढले, त्यानंतर त्याच वर्षी बदावींनी त्यांची मुलाखत घेतली. आपल्याच मातृभूमीच्या हुकूमशहासमोर बसून प्रश्न विचारायचे, हे सोपे काम नव्हे.

मुलाखत घेण्याची हीच सवय त्यांच्या इतिहासलेखनाचा कणा आहे. 2017 पासून प्रसारित झालेल्या 'हिस्टरी ऑफ आफ्रिका' या वीस भागांच्या मालिकेसाठी त्या देशोदेशी हिंडल्या आणि तिथल्या इतिहासकारांना, पुरातत्त्वज्ञांना, संग्रहालयातल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बोलते केले. पाया होता युनेस्कोच्या आठ खंडांचा. 1964 मध्ये हाती घेतलेला आणि 1990 च्या दशकात पुरा झालेला हा प्रकल्प जोसेफ की-झेर्बो, बेथवेल ओगोट, अडू बोआहेन, अली मझरुई अशा आफ्रिकी विद्वानांच्या संपादनाखाली उभा राहिला. विद्वत्तेचा हा डोंगर सामान्य वाचकापर्यंत पोहोचलाच नव्हता. तो पोहोचवणे हे आपले काम आहे असे बदावींनी मानले, आणि त्यातूनच 2024 चे त्यांचे पुस्तक आले, 'ॲन आफ्रिकन हिस्टरी ऑफ आफ्रिका'.

पुस्तक मानवाच्या उगमापासून निघते आणि स्वातंत्र्यलढ्यांपर्यंत येते. वाटेत इजिप्तवर राज्य केलेले कुशचे, म्हणजे प्राचीन सुदानमधले, राजे भेटतात (सुदानमध्ये इजिप्तपेक्षा जास्त पिरॅमिड आहेत, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असते?), चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा अक्सुमचा, म्हणजे आजच्या इथिओपियातला, राजा एझाना भेटतो, 1324 मध्ये हजला निघालेला मालीचा मनसा मुसा भेटतो, पोर्तुगीजांशी अनेक दशके झुंजलेली अंगोलाची राणी न्झिंगा भेटते. ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंती तर मुद्दाम थांबून पाहाव्यात अशा. त्या स्थानिक लोकांनी बांधल्या हे वसाहतवाल्यांना पचेना, म्हणून फिनिशियन, शेबाची राणी, अशी कुणाकुणाची नावे पुढे केली गेली. गरट्रूड केटन-थॉम्पसन यांनी 1929 मध्ये उत्खनन करून हे काम आफ्रिकी माणसांचेच असल्याचे दाखवले, तरी ऱ्होडेशियाचे, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचे, गोरे सरकार नंतरही कितीतरी वर्षे ते मान्य करायला तयार नव्हते. बदावींचे पुस्तक का लिहावे लागले, हे या एका उदाहरणावरून कळते.

एक उणीव मात्र जाणवते. राजेराण्यांची गर्दी फार आहे. शेतकरी, कुंभार, लोहार, गुरे राखणारे मागच्या रांगेत राहतात. आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकांवरही आपण हीच तक्रार करतो, त्यामुळे ती इथे करायलाच हवी. पण ज्या खंडाला राजे होते हेच नाकारले गेले, तिथे आधी राजांची नावे सांगावी लागतात, हेही मला पटते.

आता ओलुसोगा. जन्म 1970, लागोस. वडील नायजेरियन, आई ब्रिटिश. पाच वर्षांचे असताना ते ब्रिटनला आले आणि इंग्लंडच्या ईशान्येला गेट्सहेडमध्ये वाढले. तिथे वर्णद्वेष्ट्यांनी त्यांच्या घरावर विटा फेकल्या आणि कुटुंबाला ते घर सोडावे लागले. 'मग आम्ही इथले नाही का?' हा प्रश्न त्यांच्या सगळ्या लेखनामागे उभा आहे. त्यांचा प्रवास बदावींच्या उलट दिशेचा आहे: आधी लिव्हरपूल विद्यापीठात इतिहासाचे शिक्षण, मग पत्रकारितेचे, मग बीबीसीत निर्माता म्हणून पडद्यामागे बरीच वर्षे आणि त्यानंतर पडद्यावर. 2019 पासून ते मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक आहेत. त्यांना 'इतिहासकार झालेला निवेदक' म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

त्यांचे 2016 चे 'ब्लॅक अँड ब्रिटिश' घ्या. त्यात रोमन काळातल्या यॉर्कमधली हस्तिदंती बांगड्या घातलेली स्त्री आहे, आठव्या हेन्रीच्या दरबारातला तुतारीवादक जॉन ब्लँक आहे आणि सिएरा लिओनच्या बन्स बेटावरची गुलामांची गढीही आहे. पण ही गढी तिथे येते ती ब्रिटिश व्यापाराची शाखा म्हणून. त्यांचे 2010 चे सहलिखित पुस्तक नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या संहाराबद्दल आहे. भूमी आफ्रिकेची, तरी चौकशी चालते ती जर्मन साम्राज्याची.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो गुलामांच्या व्यापाराच्या बाबतीत. बदावी विचारतात: माणसे नेली गेली, तेव्हा मागे उरलेल्या समाजांचे, राज्यांचे काय झाले? ओलुसोगा पैशाचा माग काढतात. 1833 च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटनने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. ती मिळाली सुमारे 46 हजार मालकांना, गुलामांना एक पैसाही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी त्या नोंदवह्या धुंडाळल्या आणि ओलुसोगांनी 2015 च्या मालिकेत त्या लोकांसमोर आणल्या. मालकांमध्ये बडे जमीनदार होते, तसेच पाद्री आणि मध्यमवर्गीय विधवाही होत्या. मला विचाराल तर ओलुसोगांचे सर्वांत मोलाचे काम हेच.

पुरावेही वेगळे. बदावींचा भर भग्नावशेष, मौखिक परंपरा आणि तिथल्या अभ्यासकांवर. ओलुसोगांचा भर दप्तरे, चर्चच्या नोंदी आणि कधीकधी हाडांवर. हाडे दगाही देतात: 'ब्लॅक अँड ब्रिटिश' मालिकेत आफ्रिकी वंशाची म्हणून दाखवलेल्या रोमनकालीन 'बीची हेड' स्त्रीचे मूळ आफ्रिकेत नसल्याचे पुढच्या डीएनए तपासणीत दिसून आले. जॉन ब्लँकसारख्यांचे कागदोपत्री पुरावे मात्र पक्के आहेत, त्यामुळे पुस्तकाचा गाभा ढळत नाही.

हा भेद मराठी माणसाने मलिक अंबरला लावून पाहावा. सोळाव्या शतकात इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले, नहरीने पाणी आणले आणि 1626 मध्ये मरेपर्यंत मोगलांना झुंजवले. तो कोणत्या समाजातून आला, कोणत्या वाटेने विकला गेला, हे प्रश्न बदावींच्या पद्धतीचे. त्याच्यामुळे दख्खन कशी बदलली आणि आपण त्याला आपला मानतो का, हे ओलुसोगांच्या पद्धतीचे. आपल्याकडे दुसऱ्या बाजूने थोडेफार लिहिले गेले आहे, पहिली बाजू जवळपास कोरी आहे. म्हणून मी आधी बदावी वाचायला सांगेन, आणि त्यातही इथिओपियावरचा भाग अगोदर.