फिरती किरणोत्सर्ग शोधयंत्रणा

लपवलेली, चोरलेली वा हरवलेली किरणोत्सर्गी द्रव्ये वाहन, नौका किंवा हेलिकॉप्टरवर बसवलेल्या उपकरणांनी, सामान न उघडता हुडकण्याची व्यवस्था. बंदरांतील स्थिर फाटके व हातात धरायचे मापक यांचा विचार येथे केलेला नाही.

उगम : याबाबत दोन मते आहेत. एका मतानुसार ही यंत्रणा युरेनियमच्या भूवैज्ञानिक शोधातून, साधारणतः 1940 च्या दशकाच्या अखेरीस, निघाली. दुसरे मत ती सुरक्षेच्या गरजेशी जोडते. शहरात आणलेल्या पेटीतील अणुबॉम्ब कशाने शोधणार, या 1946 मधील अमेरिकी सिनेटच्या प्रश्नाला अणुबॉम्ब प्रकल्पातील शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांनी ‘स्क्रूड्रायव्हरने’ (म्हणजे पेट्या उघडूनच) असे उत्तर दिले होते. त्यावरूनच टोपणनाव पडलेला गुप्त अहवाल पुढे भौतिकशास्त्रज्ञ हॉफस्टॅटर व पॅनोफ्स्की यांनी तयार केला. अमेरिकेच्या अणुआणीबाणी शोधपथकाचे स्थापनावर्ष कुठे 1974, तर कुठे 1975 दिलेले आढळते. बॉस्टनमधील 1974 च्या खोट्या धमकीनंतर ते उभे राहिले, याविषयी दुमत नाही. उपकरणांचा वंश पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. कॉसमॉस 954 हा अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह 1978 मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा त्याचे अवशेष शोधायला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचाच गॅमा वर्णपटमापक (गॅमा किरण ऊर्जेनुसार वेगळे करून मोजणारे उपकरण) विमानात चढवला होता.

रचना : गॅमा किरणांसाठी थॅलियममिश्रित सोडियम आयोडाइडचा स्फटिक (हॉफस्टॅटर, 1948) आजही मुख्य आहे. 10×10×40 सेंमी. हा त्याचा प्रचलित आकार. असे दोन-चार ठोकळे वाहनात बसवतात. सीझियम-137 च्या 662 किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट (केईव्ही) रेषेपाशी त्याची विभेदनक्षमता (जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता; आकडा लहान तितकी चांगली) सुमारे 7 टक्के असते. जर्मेनियम शोधक कितीतरी काटेकोर, पण त्याला अतिशीत ठेवावे लागते. म्हणून तो बहुधा खातरजमेपुरता. न्यूट्रॉनसाठी पॉलिएथिलिनच्या वेष्टनात हेलियम-3 च्या नळ्या असतात. 2009 च्या सुमारास हा वायू दुर्मिळ झाल्यावर बोरॉन-10 व लिथियम-6 यांवर आधारित शोधक पुढे आले. दर सेकंदाचा वर्णपट जीपीएस स्थानासह नोंदवला जातो.

पार्श्वभूमीची अडचण : पार्श्वभूमी म्हणजे परिसरात एरवीही असणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग; खरी कसोटी येथे लागते. दर सेकंदाला एक नोंद घेऊन इशाऱ्याची मर्यादा सरासरीच्या वर 3 प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन हे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) ठेवली, तर काहीही नसताना तासाला पाचेक खोटे इशारे येतात. 5 वर नेली तर महिनाभरात एखादा, पण क्षीण स्रोत हातचा निसटतो. शिवाय हे गणित पार्श्वभूमी स्थिर मानते, आणि रस्त्यावर ती कधीच स्थिर नसते. दख्खनच्या बेसाल्टवरून ग्रॅनाइटच्या प्रदेशात गाडी गेली की पातळी चढते; विटांची भिंत, बोगदा, पूल यांनी ती हलते. पाऊस पडला की हवेतील रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची अपत्ये, म्हणजे त्याच्या क्षयातून बनणारी द्रव्ये (शिसे-214, बिस्मथ-214), जमिनीवर उतरतात व पाऊस थांबल्यावरही तासदोन तास आकडा चढा राहतो. म्हणून नुसती बेरीज न पाहता वेगवेगळ्या ऊर्जापट्ट्यांची गुणोत्तरे पाहतात. तरीही थायरॉइडवर आयोडीन-131 घेतलेला रुग्ण (364 केईव्ही), निसर्गतः किंचित किरणोत्सर्गी असलेल्या पोटॅश खताचा किंवा फरशांचा ट्रक इशारा देतोच.

तापमानाचा त्रासही कमी नाही. स्फटिक तापला की प्रकाश घटतो आणि सारा वर्णपट सरकतो. पोटॅशियम-40 च्या 1461 केईव्ही शिखराला धरून तो सतत जागेवर आणावा लागतो. झटकन थंड-गरम झाल्यास स्फटिक तडकतो; आवरण फुटले तर ओल शोषून पिवळा पडतो.

अंतर व वेग : बिंदुस्रोताची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. रस्त्यापासून 10 मीटरवरचा स्रोत ताशी 36 किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीला जेमतेम दोनेक सेकंद चांगला दिसतो. प्रबळ, उघडा स्रोत मात्र वेगातही सापडतो : 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात 1400 किमी. च्या मार्गावर हरवलेली 8×6 मिमी. ची सीझियम कुपी ताशी 70 किमी. वेगाच्या वाहनातून रस्त्यालगत सापडली.

अणुइंधनयोग्य द्रव्ये : प्लुटोनियम न्यूट्रॉनांमुळे ओळखू येते. काळ्या समुद्रात 1989 मध्ये सोव्हिएत हेलिकॉप्टरने युद्धनौकेवरील अस्त्र असेच दुरून टिपले होते. समृद्ध युरेनियमचे न्यूट्रॉन अत्यल्प आणि त्याची 186 केईव्ही रेषा दुबळी. केवळ निष्क्रिय मापनाने (बाहेरून किरण न सोडता) ते दुरून शोधता येईल, हा दावा जपूनच घ्यावा.

भारतात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हवाई गॅमा वर्णपटमापन यंत्रणा विकसित केली आहे.