आंतरराष्ट्रीय बंकर इंधन आणि हवामान करार

आंतरराष्ट्रीय बंकर इंधन म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांत आणि विमानांत भरले जाणारे इंधन. हवामान बदलाविषयीच्या करारांत त्याचे स्थान वेगळे आहे. ते जाळल्याने होणारे उत्सर्जन देश आपल्या अहवालात स्वतंत्र रकान्यात नोंदवतात, पण कोणत्याही देशाच्या एकूण बेरजेत ते धरले जात नाही.

जगातील ऊर्जेशी संबंधित कार्बन डायऑक्साइडपैकी २०१९ साली सुमारे २३ टक्के वाहतुकीतून आला आणि त्यातला मोठा वाटा रस्त्यावरच्या वाहनांचा होता. ट्रक, बस, मोटारी, रेल्वे यांचा धूर ज्या त्या देशाच्या खात्यावर पडतो. त्यामुळे पॅरिस करारानुसार दिलेल्या राष्ट्रीय उद्दिष्टांत त्याचा विचार होतो. अडचण आहे ती समुद्र आणि आकाश ओलांडणाऱ्या वाहतुकीची.

न्हावा शेवाहून रॉटरडॅमला निघालेले एखादे कंटेनर जहाज पाहा. मालक ग्रीक, नोंदणी मार्शल बेटांची, इंधन सिंगापूरला भरलेले, खलाशांत रत्नागिरीकडचे लोक, कंटेनरमध्ये भारतीय माल आणि तो घेणारे युरोपातले. हा धूर कोणाच्या नावावर लिहायचा? इंधन विकणाऱ्या देशाच्या म्हटले, तर सारा बोजा सिंगापूरवर पडतो. ध्वजाच्या, म्हणजे जहाजाची नोंदणी असलेल्या देशाच्या म्हटले, तर भरपूर जहाजे नोंदवणाऱ्या पनामा आणि लायबेरियावर. नव्वदच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांत असे अनेक पर्याय मांडले गेले, पण एकावरही एकमत झाले नाही.

अखेर १९९७ च्या क्योटो या हवामान कराराच्या कलम २.२ ने हा प्रश्न दोन संस्थांकडे सोपवला. विकसित देशांनी विमानांचे उत्सर्जन माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेमार्फत (आयकाओ) आणि जहाजांचे लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेमार्फत (आयएमओ) कमी करावे, असे ते कलम सांगते. पुढची कित्येक वर्षे काम रखडले, त्याचे मूळ इथेच आहे. हवामान करारांचा पाया ‘जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे’ हा. ज्यांनी आधी धूर सोडला त्यांनी आधी आवरावा. सागरी संघटनेचा नियम मात्र असा की ध्वज कोणताही असो, कायदा सर्व जहाजांना एकच. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. फक्त श्रीमंत देशांच्या जहाजांना बंधन घातले तर मालक ध्वज बदलून मोकळा होतो. सर्वांना सरसकट घातले तर भाड्याचा भार गरीब देशांच्या आयात-निर्यातीवर येतो. भारताने ही दुसरी बाजू सातत्याने मांडली आणि ती मांडणे योग्यच होते.

पहिले सक्तीचे पाऊल जहाजांच्या बाबतीत पडले. २०११ मध्ये आयएमओच्या मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या कराराच्या सहाव्या परिशिष्टात नव्या जहाजांच्या इंधन-कार्यक्षमतेचे निकष मतदानाने घालण्यात आले. १ जानेवारी २०१३ पासून ते लागू झाले.

विमानांच्या बाबतीत युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. युरोपात उतरणाऱ्या-उडणाऱ्या सर्व विमानांना २०१२ पासून आपल्या उत्सर्जन-परवाना व्यापारात (सोडलेल्या धुरासाठी परवाने घ्यायला लावणाऱ्या व्यवस्थेत) सामील करण्याचे त्याने ठरवले. भारत, चीन, रशिया, अमेरिका असे एरवी परस्परविरोधी देश त्याविरुद्ध एक झाले आणि भारताने आपल्या विमान कंपन्यांना उत्सर्जनाची माहिती युरोपाला देऊ नका असे बजावले. युरोपाला बाहेरच्या उड्डाणांपुरती माघार घ्यावी लागली. या दबावातून २०१६ मध्ये आयकाओची ‘कोर्सिया’ योजना आली. ठरलेल्या पातळीपेक्षा वाढलेल्या उत्सर्जनाची भरपाई कंपन्यांनी इतरत्रच्या प्रकल्पांचे कार्बन क्रेडिट, म्हणजे तिथे कमी झालेल्या उत्सर्जनाचे प्रमाणपत्र, विकत घेऊन करायची. २०२७ पासून ती बहुतेक मोठ्या देशांना बंधनकारक असून त्यांत भारतही आहे. ही योजना तोकडी आहे. ती वाढीची भरपाई मागते, मूळ धूर कमी करायला लावत नाही.

२०१५ च्या पॅरिस करारात जहाजे आणि विमाने यांचा उल्लेखच नाही. त्याच वर्षी मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री टोनी डी ब्रुम यांनी लंडनला आयएमओत जाऊन जहाजांसाठी उद्दिष्ट ठरवण्याची मागणी केली. जगातील सर्वांत मोठ्या जहाज-नोंदण्यांपैकी एक चालवणारा आणि समुद्रपातळीपासून जेमतेम दोन मीटर उंच असलेला हा देश. नोंदणीतून येणारे उत्पन्न असूनही त्याने स्वतःच्या ध्वजाखालच्या जहाजांवर बंधन मागितले. या प्रश्नाच्या इतिहासातली ही सर्वांत धैर्याची भूमिका म्हणावी लागेल. २०१८ मध्ये आयएमओने २००८ च्या तुलनेत २०५० पर्यंत उत्सर्जन निम्मे करण्याचे ठरवले. २०२३ मध्ये ते २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर नेण्याचे उद्दिष्ट स्वीकारले.

उद्दिष्टासोबत किंमतही ठरणार होती. एप्रिल २०२५ मध्ये आयएमओत जहाजांच्या मर्यादेबाहेरच्या उत्सर्जनावर टनामागे १०० ते ३८० डॉलर आकारण्याचा मसुदा ६३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिले. मात्र अमेरिकेच्या उघड दबावानंतर १७ ऑक्टोबर २०२५ रोजी अंतिम निर्णय ५७ विरुद्ध ४९ मतांनी वर्षभर पुढे ढकलला गेला. दरम्यान युरोपीय संघाने २०२४ पासून आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना परवाना व्यापारात आणले आहे. बाहेरून येणाऱ्या सफरीचे निम्मे उत्सर्जन त्यात मोजले जाते. ते पैसे युरोपातच राहतात. आयएमओच्या मसुद्यातला निधी मात्र कमी उत्सर्जनाच्या जहाजांबरोबरच विकसनशील देशांसाठीही होता.