घाणेरी आणि सागाची धास्ती

घाणेरी म्हणा, टणटणी म्हणा, झुडूप एकच. एकाच गुच्छात मधोमध पिवळी आणि कडेला गुलाबी फुलं. परागण झालं की फूल रंग पालटतं. पान चुरगळलं की नावाचं कारण कळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे अमेरिकी झुडूप कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलं आणि बंगल्यांच्या कुंपणांवरून रानात उतरलं. पण आलं ते तिकडचं अस्सल रानझुडूप नव्हतं. युरोपातल्या बागवाल्यांनी वेगवेगळ्या जातींचा संकर करून घडवलेले ते वाण होते. ‘लॅन्टाना कॅमारा’ या एका नावाखाली आपण ही सगळी सरमिसळ कोंबतो. एका वाणावर तुटून पडणारा किडा दुसऱ्या वाणाला तोंडही लावत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

किड्यांकरवी घाणेरी रोखायचा प्रयत्न हवाई बेटांवर १९०२ मध्ये झाला. भारतात १९२१ मध्ये तिच्या फळांवर वाढणारी माशी आणली. फरक पडला नाही. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून पानांचा रस शोषणारा, जाळीदार पंखांचा ढेकूण डेहराडूनला आणला. चाचणीत तो सागाच्या फुलांवरही पोसतो असं दिसलं आणि पैदास नष्ट करण्याचा निर्णय झाला. या निर्णयावर अजूनही दोन मतं आहेत. माझ्या मते तो योग्यच होता: एकदा सोडलेला किडा परत बोलावता येत नाही. तरीही तो निसटलाच. दहाएक वर्षांत बाहेर सापडला आणि पुढे देशभर पसरला. साग टिकला, घाणेरीही टिकली. उन्हाळ्यात हा ढेकूण झुडूप पार निष्पर्ण करतो. पाऊस पडला की तेच झुडूप पुन्हा फुटतं.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्राला तिचा धोका आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही. मग चितळ-सांबरांनी खायचं काय? उपाशी गुरांनी पाला खाल्ला तर त्यांना कावीळ होते आणि उन्हाने कातडी सोलवटते.

नुसती छाटणी केली तर ती दुप्पट जोमाने येते. म्हणून आता जमिनीखाली, खोड आणि मूळ जुळतात त्याच्या जरा खाली, कुदळीने मूळ तोडून झुडूप उलटं ठेवतात. मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवत लावावं लागतं. आणि तिची फळं खाणारे बुलबुल ज्या झाडांवर बसतात, त्यांच्याखाली उगवलेली रोपं पुढचे दोन-तीन पावसाळे हाताने उपटत राहावी लागतात.